एक्याण्णव एकांची भिंत

लातूर, २९ मार्च

श्रीमंतराव,

नमस्कार-चमत्कार सोडून देते. अकरा वर्षांत नवऱ्याचं पहिलं पत्र आलं, म्हणून वेळ काढून निवांत उघडलं. आत काय, तर एक संख्या. नुसते एक. एकाला एक चिकटवत एक्याण्णव एक. आणि खाली ओळ : ‘आमच्या घरात ही मूळ संख्या सापडली आहे. बरोबर आहे का तपासून दे.’

मला हसूच आलं. ज्या घरात मी वही काढली की तुमच्या आई पंचफुलाबाई भांडी आदळायच्या, त्या घरात आता मूळ संख्या सापडून राहिल्यात! तुम्ही तर मराठीचे गुरुजी. जिला एक आणि ती स्वतः सोडून कुणाचाच भाग जात नाही ती मूळ, आणि जिला जातो ती संयुक्त, एवढं तुम्हाला आठवतंय हेच पुष्कळ झालं. उतारवयात माणसाला नाद लागतात. कुणाला भजनाचा लागतो, तुम्हाला आकड्यांचा लागला.

सोबतचे कागदही पाहिले. दोनपासून सत्तेचाळीसपर्यंत जेवढ्या मूळ संख्या आहेत, त्या प्रत्येकीनं ही एक्याण्णव आकडी संख्या भागून पाहिलेली, तीही हातानं. बाकी उरतेच आहे. चिकाटी आहे म्हणायची. मला आठवतंय तसं तुम्हाला किराणा दुकानातली बेरीजही दुसऱ्याकडून करून घ्यायची सवय होती.

तुम्ही लिहिता, फोनवर मी तुम्हाला बोलू देत नाही म्हणून कागद. हाव, नाहीच देत. कागदच बरा. तपासून कळवते.

माझंही एक काम आहे. ऋतुजाची दहावीची परीक्षा झाली. अकरावीला तिला लातूरला पाठवा. माझ्याकडं. अख्ख्या मराठवाड्यातून लोक लेकरं घेऊन मी गणित शिकवते त्या क्लासच्या दारात उभे राहतात आणि माझी स्वतःची लेक तिकडं हिमायतनगर तालुक्यात बसलेली. उन्हाळ्यात दोन दिवस, दिवाळीत दोन दिवस ती माझ्याकडं पाहुण्यासारखी येते, पाणी प्यायचं तरी विचारून पिते. मला माझी पोरगी पाहिजे. त्याच्याशिवाय मला तुमच्याकडून काहीच नको.

राजकन्या

लातूर, ६ एप्रिल

श्रीमंतराव,

कागद तपासले. केलेला एकही भागाकार चुकलेला नाही. बाकी काढली आहे तिथं ती बरोबरच आहे. हे मी लेखी देते, सरपंचाला दाखवायचं असेल तर दाखवा.

तुमचं दुसरं म्हणणंही खरं आहे. सहा एक असले तर तीन-तीनचे दोन गठ्ठे पडतात आणि त्या संख्येला १११नं भाग जातो. नऊ असले तर तीनचे तीन गठ्ठे. तेव्हा एक किती आहेत, तो आकडाच मुळात मूळ असायला हवा, नाहीतर गठ्ठे पडणारच. हे कुणी शिकवलं तुम्हाला? पुस्तकात वाचलं असेल. स्वतःच्या डोक्यातून काढलं असेल, तर मी तुम्हाला इतकी वर्षं ओळखलंच नाही म्हणायचं.

आणि ‘एक्याण्णव ही मूळ आहे’ असं लिहून खाली दोन रेघा ओढल्यात. ओढा की. तेवढं तपासायला तुम्ही मला सांगितलेलं नाही.

शाळेच्या बोलक्या भिंती नव्यानं रंगवायच्यात आणि कंपाउंडच्या लांब भिंतीवर ही संख्या लिहायची, असं अण्णाराव सरपंचांचं म्हणणं आहे ना? खुशाल लिहा. ऑइलपेंट घ्या, म्हणजे पुष्कळ वर्षं टिकेल.

ऋतुजाचं तुम्ही धड काहीच लिहिलं नाही. ‘ती तिचं ठरवील’ म्हणजे काय? सोळा वर्षांची पोर काय ठरवते? ज्याला मोठं मानते त्याच्याकडं राहते. तिला तुम्ही मोठे वाटता, कारण तिनं दुसरं काही पाहिलेलंच नाही.

राजकन्या

लातूर, २२ एप्रिल

श्रीमंतराव,

अण्णारावांचा फोन आला होता. एक मेला झेंडावंदन, मुलांचे निकाल, मग भिंतीचं उद्घाटन आणि ‘गुरुजींचा सत्कार’. प्रमुख पाहुण्या म्हणून मी यावं. लातूरच्या मॅडम, आणि वरून गुरुजींच्या मंडळी, म्हणजे गावाला दुहेरी मान, असं म्हणून ते स्वतःच खूष झाले. फ्लेक्स छापला म्हणे, तुमचा फोटो टाकून. तुम्ही नको म्हणत होता, ‘त्या दिवशी मीच सगळ्यांना सांगतो काय ते’ असं म्हणत होता. नको म्हणायची तुमची पद्धत मला माहीत आहे. लग्नातही पोशाख नको म्हणत होता आणि माझ्या वडिलांनी, बाप्पांनी, दिलेली अंगठी मात्र तिथंच बोटात घातली.

येते मी.

तुमच्याकडं मी शेवटची आले होते ती अकरा वर्षांपूर्वी, भावकीच्या बैठकीला. तुम्ही विसरला असाल, मी नाही. तुमचे भावकीतले झाडून सगळे सतरंजीवर, आणि उदगीरहून आलेले माझे बाप्पा, रेवणप्पा, दारापाशी मान खाली घालून बसलेले. मी एवढंच मागत होते की लातूरला नोकरी लागली आहे, पोरीला घेऊन जाते. तुम्ही उठून सगळ्यांसमोर सांगितलंत की दूध उतू गेलं, पोरगी चुलीपाशी रडत उभी होती आणि ही वहीत डोकं घालून बसली होती. मग म्हणालात, ‘हिला लेकरापरीस आकडे प्यारे हायत. पोरगी इथंच राहू द्या, अन् हिला जाऊ द्या.’ लोक हसले होते. ऋतुजा दाराआडून बघत होती. जेमतेम पाच वर्षांची होती.

सगळ्यांसमोर बोललं की खरं ठरतं, हे मी त्या दिवशी तुमच्याकडूनच शिकले.

ऋतुजा कार्यक्रमाला असेलच. पुढच्या रांगेत बसवा तिला. कोण किती पाण्यात आहे ते तिनं तिच्या डोळ्यांनी बघावं आणि मग खुशाल ठरवावं कुणाकडं राहायचं.

राजकन्या

नांदेड, बसस्थानक, १ मे

श्रीमंतराव,

लातूरच्या गाडीला अवकाश आहे, म्हणून इथंच लिहायला बसले. ऊन मरणाचं आहे, पण जिवाला आज गार वाटून राहिलंय.

तुम्हाला सगळं ऐकू गेलं की नाही, ठाऊक नाही. तुम्ही खालीच बघत होता. म्हणून लिहून देते.

भिंत झकास रंगवली होती. पिवळ्यावर काळे एक, फाटकापासून थेट पाण्याच्या टाकीपर्यंत. वर मोठ्या अक्षरात ‘आपल्या गावात सापडलेली महाकाय मूळ संख्या’. अण्णारावांनी तुम्हाला शाल घातली, नारळ दिला, आणि तुम्ही बोलायला उठणार तेवढ्यात मी माइक मागून घेतला. पाहुण्यांना नाही कोण म्हणतं?

मी तिसरीच्या लेकरांना उभं केलं आणि तेराचा पाढा म्हणा म्हटलं. लेकरं खणखणीत आहेत तुमची. तेरा एके तेरा, तेरा दुणे सव्वीस, असं करत तेरा साते एक्याण्णवपर्यंत आली आणि मी हात वर केला. थांबा म्हटलं. तेरा साते किती? एक्याण्णव, असं सगळी ओरडली. मग मी खडू घेतला आणि भिंतीशी जाऊन दर सात एकांनंतर एक उभी रेघ मारत गेले. रेघ मारून झाली की लेकरं गठ्ठा मोजायची. पार टाकीपर्यंत तेरा गठ्ठे. बरोबर तेरा, एकही एक शिल्लक नाही. म्हणजे या भल्यामोठ्या संख्येला अकरा लाख अकरा हजार एकशे अकरानं, सात एकांच्या संख्येनं, सरळ भाग जातो. ही मूळ नाही. संयुक्त आहे.

आणखीही सांगितलं. गुरुजींनी सत्तेचाळीसपर्यंत भागून पाहिलं आणि दमले. सत्तेचाळीसच्या पुढची मूळ संख्या त्रेपन्न. त्रेपन्ननं भाग जातो. फक्त आणखी एक भागाकार करायचा होता. एवढा दम ज्याला नाही त्यानं आकड्यांच्या वाटेला जाऊ नये, मराठीच्या कविता शिकवाव्यात.

आधी मागून कुणीतरी हसलं आणि मग सगळेच हसायला लागले. अण्णारावांनी हळूच मला विचारलं, ‘मॅडम, म्हंजी ही संख्या फेल झाली का?’ मी माइकवरच सांगितलं की संख्या फेल होत नसते, माणूस होतो.

तुम्ही उठलात. मला वाटलं भांडाल, निदान सारवासारव कराल. तुम्ही शाल काढलीत, घडी करून खुर्चीवर ठेवलीत आणि म्हणालात, ‘चूक माझी हाय. पोरांनो, मॅडम सांगतात तेच बरोबर हाय. ध्यानात ठेवा.’ आणि बसलात. एवढंच. बैठकीत किती बोलला होता!

ऋतुजा नवा ड्रेस घालून व्यासपीठाच्या पायरीवर होती, हातात कागद घेऊन. स्वागताचं भाषण दिलं असेल तुम्ही तिला पाठ करायला. तिनं ना तुमच्याकडं पाहिलं, ना माझ्याकडं. भिंतीकडं बघून ओठ हलवत होती, गठ्ठे मोजत असणार. म्हणजे पोरगी माझीच आहे. निघताना मी तिच्या डोक्यावर हात ठेवला, तर तिनं तो हळूच काढून खाली ठेवला. लाजली असेल, एवढ्या लोकांत.

तुम्ही म्हणाल, एप्रिलमध्येच का सांगितलं नाहीस. तुम्ही भागाकार तपासायला सांगितले होते, ते मी तपासले. मी खोटं कुठं बोलले, दाखवा.

गाडी लागली.

राजकन्या

लातूर, ३० मे

श्रीमंतराव,

तुमचं कार्ड मिळालं. ‘ऋतुजाला चांगले मार्क पडले. तुझ्याकडं पाठवतो. बारा जूनला येईल.’ तीन वाक्यं. कवितेच्या माणसाची एवढी काटकसर!

पण आनंद झाला, तो कशाला लपवू? मी कार्ड घेऊन घरातल्या घरात येरझाऱ्या घातल्या. पुढची खोली तिला देते. टेबल आणलं, पंखा नवा बसवला, खिडकीला पडदा लावला. तिला भाजी कोणती आवडते ते मला माहीत नाही, तेवढं कळवा. तिला दूध चालतं का, केसांना काय लावते, पाळीत पोट दुखतं का, हेही लिहा. आईला हे विचारावं लागतं, याचं श्रेय तुमच्या बैठकीला.

तुम्ही कारण लिहिलं नाहीत. नका लिहू. मला दिसतंच आहे. तिनं भिंत पाहिली, दोघांना पाहिलं आणि ठरवलं. तुमच्याकडं काय होतं तिला द्यायला?

शेजारच्या गौरम्मा म्हणतात, मॅडम, तुम्ही हल्ली गुणगुणता. मी म्हटलं, लेक येणार आहे.

राजकन्या

लातूर, २३ जून

श्रीमंत,

आज ‘राव’ लावत नाही.

परवा जेवताना मी सहज म्हटलं, तुझ्या पप्पांची भिंत आहे का अजून, की लाजेनं खरवडली? हसत म्हटलं. ती ताट उचलून मोरीकडं गेली, विसळलं, पालथं घातलं, हात पुसले आणि मग म्हणाली, ‘पप्पांनी पिवळा रंग मारला त्याच्यावर. एकट्यांनी. मला येऊ दिलं न्हाई. ती संख्या माझी होती, मॅडम.’

मला आधी कळेचना. मग तिनंच सांगितलं, कुणा दुसऱ्याची गोष्ट सांगावी तसं. नववीच्या सुट्टीपासून ती हे करत होती. गठ्ठ्यांचं तिलाच सुचलं, कुणी शिकवलेलं नाही. भागाकार सगळे तिचे. तेराचा पाढा तिनं कधी पाठ केला नव्हता, दहापर्यंत येतात म्हणून भागलं होतं, आणि एक्याण्णव तिला बघताक्षणीच मूळ वाटली, भागून पाहिलीच नाही. बारावीच्या पोरांनाही वाटते! मी दर वर्षी वर्गात फळ्यावर लिहून फसवते त्यांना. सत्कार तिचा होता. सरपंचांना गुरुजींचा वाटला, आणि तुम्ही ठरवलं होतं की माइक हातात आला की तिला वर बोलवायचं आणि सगळ्या गावाला, आणि मला, सांगायचं. तिच्या हातातला कागद स्वागताचा नव्हता. तिथं ती हे गठ्ठ्यांचं सांगणार होती. माझ्यासमोर. मला दाखवायचं होतं म्हणे तिला. ‘मम्मीला आवडंल’ म्हणून पत्र तिनंच तुम्हाला लिहायला लावलं.

आणि तुम्ही ‘आमच्या घरात सापडली’ एवढंच लिहिलंत. नाव लिहायला काय झालं होतं? हात मोडला होता? एक शब्द, ‘ऋतुजाला’ सापडली, एवढा एक शब्द लिहिला असता तर मी त्याच दिवशी हिमायतनगरची गाडी धरली असती, तिला जवळ घेऊन बसले असते, म्हटलं असतं, बाई, तेरा साते किती बघ, आणि आता याच्या पुढं जाऊ. अहो, सोळाव्या वर्षी मला हे सुचलं नव्हतं. मला नव्हतं सुचलं!

आणि ते गप्प बसणं! चूक माझी हाय म्हणे. सगळं गाव हसत होतं तेव्हा एकदा म्हणायचं होतं, मॅडम, थांबा, ही पोरीची आहे. मी जागच्या जागी गप्प झाले असते. तुम्ही तिला वाचवलं आणि मला बोलत राहू दिलं. दम नाही, वाटेला जाऊ नये, फेल माणूस होतो. हे सगळं मी कुणाला म्हणत होते ते तिला कळत होतं, तुम्हाला कळत होतं, आणि माइक धरून उभ्या असलेल्या एकटीला कळत नव्हतं. बैठकीपेक्षाही जबर मारलंत. तोंड न उघडता.

मी तिला विचारलं, मग तू आलीसच कशाला माझ्याकडं? म्हणाली, पप्पा म्हटले, मम्मीला येतं, माझ्याजवळ शिकवायला काय हाय, जा. म्हणून आले.

राजकन्या

लातूर, ११ ऑगस्ट

श्रीमंतराव,

तुमचं काहीच आलं नाही. रागावला असाल तर रागवा, पण हे वाचा.

ऋतुजा बरी आहे. वेळेवर उठते, वेळेवर जेवते, जे वाढीन ते खाते. भाजी कोणती आवडते ते मला अजून कळलेलं नाही. विचारलं की ‘कोणतीही चालंल’ म्हणते. क्लासच्या चाचणीत पहिली आली. सगळ्या बॅचमध्ये पहिली, बरं का. संचालकांनी फोटो मागितला, फ्लेक्ससाठी. ती नको म्हणाली आणि खरंच दिला नाही.

वर्गात सगळे मॅडम म्हणतात म्हणून तीही म्हणते, असं मी आधी धरून चालले होते. ती घरातही मॅडमच म्हणते. ताप आला होता तेव्हाही, मॅडम, गोळी कुठाय. मी रागावले एकदा, अगं मी आई आहे तुझी. ‘हो’ म्हणाली आणि पुस्तक उघडलं. तुम्ही रविवारी फोन करता तेव्हा ती पडद्याआड जाऊन बोलते. मला तिचं हसू ऐकू येतं. तसं ती इथं हसत नाही.

मी म्हटलं होतं मला माझी पोरगी पाहिजे. ती माझ्या घरात आहे, माझ्या टेबलाशी आहे, मी शिकवते ते सगळं तिला येतं. तुम्ही काहीच ठेवून घेतलं नाही, सगळं देऊन टाकलंत, आणि मला ते हातात धरता येईना. तुम्ही तिला एक शब्द सांगून बघा. तुमचं ऐकते ती. मी तुमच्या पाया पडत नाही, पण सांगून बघा.

काल मी तिच्या टेबलावर कागद ठेवला. त्यावर एकोणीस एक लिहिले होते. म्हटलं, ऋतू, ही संख्या खरोखर मूळ आहे, कुणाचाच भाग जात नाही हिला. तेवीस एकांची पण तशीच आहे. मधल्या कुठल्याच नाहीत. सतरा एकांची का नाही, सतरा तर मूळ आहे ना? तुझं गठ्ठ्यांचं बरोबर होतं, पण ते उलट्या बाजूनं चालत नाही, ते का, हे आपण दोघी मिळून बघू. मला घाई नाही. हवं तर आज क्लास बुडवते.

ती कागदाकडं बराच वेळ बघत राहिली. बोट त्या एकांवरून फिरवलं सुद्धा. मला वाटलं, आता विचारते. मग तिनं कागद सरळ करून माझ्याकडं सरकवला.

‘सिलॅबसमध्ये हाय का, मॅडम?’

राजकन्या